उपदेशक ते स्वयंसेवक

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं गावोगाव पोचवण्यासाठी खास ‘उपदेशक’ वर्ग चालवला. शिक्षण विनामूल्य, बदल्यात कित्येक वर्षं शिकायचं आणि मग संगीतप्रसार करायचा, असा करार. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर पलुस्करांच्याच मुशीतले. विद्यार्थीच प्रचारक, ही कल्पना इतकी जुनी आहे! १९७७ मध्ये किरण सेठ यांनी दिल्लीच्या आयआयटीत सुरू केलेली संगीतप्रसाराची ‘स्पिक मॅके’ चळवळही विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या बळावरच उभी आहे.

आज शहापूर-मुरबाडकडच्या संगीताच्या उन्हाळी शिबिरासाठी असं प्रचाराचं काम करणाऱ्याला आधी प्रवासाचं गणित जमवावं लागतं. शहापूरसाठी आसनगावला लोकलमधून उतरायचं. मुरबाडला कल्याणहून एसटीने. तंबोरा सोबत असेल तर मागची सीट बघून भोपळ्याखाली चादर घालावी, उन्हात मुळीच ठेवू नये. पोचल्यावर तारा पुन्हा लावाव्या लागतात, जवारीचा दोरा सरकवून पाहावा लागतो. ते करताना भोवती जमलेल्या मुलांपैकी एकाच्या हातात तंबोरा द्यावा. पत्रकं वाटण्यापेक्षा याने जास्त नावं नोंदली जातील, असं मला मनापासून वाटतं.