दुखरी नस आणि चित्रात पाहून टोचलेली सुई



कापसाची वेचणी सुरू झाली की गटाच्या बैठकीत हिशोबाआधी दुखण्याचाच विषय निघतो. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाच्या मांडीतून पोटरीपर्यंत चमक निघते, कोणाच्या हाताला रात्री मुंग्या येतात. एक जण म्हणते, "पायात करंट मारल्यावानी होते वं माय." दुसरी म्हणते, "तळपायाले मिरच्या लावल्यावानी आग होते, रातभर डोळ्याले डोळा नाही." आणि एखादी हळूच विचारते, डॉक्टरांनी मशीनमध्ये पाहून मणक्याजवळ सुई द्यायची म्हटलं आहे, घेऊ की नको? आज आम्ही त्या सुईविषयी बोलणार आहोत. पण आधी नसेविषयी बोलावं लागेल, कारण सगळं गाडं 'नेमकी कोणती नस' इथंच अडतं.

आपण नस आणि शीर हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. हातावर हिरवी फुगलेली दिसते ती रक्ताची शीर. आज आपण बोलतोय त्या नसेत रक्त वाहत नाही, तिच्यातून निरोप जातो. शेतातल्या डीपीवरून मोटरपर्यंत वायर येते ना, तशी मेंदू आणि मणक्यातून निघून बोटाच्या टोकापर्यंत जाणारी ही वायर. ती कुठं दबली, सुजली किंवा तिचं वरचं आवरण खराब झालं की ती खोटे निरोप पाठवते. पायाला काही झालेलं नसतं, पण पाय जळतो. म्हणून नसेचं दुखणं वेगळं ओळखू येतं. करंट, आग, मुंग्या, बधिरपणा, आणि कधीकधी नुसता लुगड्याचा काठ लागला तरी असह्य होणं, ही त्याची लक्षणं. दिवसभर निंदून कंबर भरून येते ते दुखणं असं नसतं. ते रात्री पाठ टेकली की उतरतं.

आणखी एक गोष्ट. दुखतं तिथंच बिघाड असेल असं नाही. घरातला बल्ब लुकलुकतो, पण फॉल्ट डीपीवर असतो. पोटरीत चमक निघते, पण नस दबलेली असते कंबरेच्या मणक्यात. म्हणून पोटरीला कितीही तेल चोळलं तरी मूळ जागेपर्यंत ते पोचत नाही.

आपल्या भागात दुखऱ्या जागी डाग द्यायची रीत जुनी आहे. मेळघाटात लेकराचं पोट फुगलं तर तापवलेल्या विळ्यानं डंबा देतात. मोठ्या माणसांच्याही कंबरेवर, पाठीवर चटक्यांचे डाग दिसतात. यात माणसांना हसण्यासारखं काही नाही. दवाखाना चाळीस किलोमीटरवर आणि दुखणं घरात, तेव्हा माणूस हाताशी असेल ते करतो. शिवाय ताज्या भाजल्यानं जुनं दुखणं घटकाभर मागं पडतं, म्हणून गुण आला असं वाटतंही. पण भाजते ती कातडी. नस खोल मणक्याशी असते, तिला याचा पत्ताही लागत नाही. वर जखम चिघळते ती वेगळीच.

गंमत अशी की दवाखान्यातल्या एका उपचारातही उष्णताच वापरतात. फरक आहे तो नेमक्या जागेचा.

तिथं इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचं एक एक्स-रे मशीन असतं, त्याला सी-आर्म म्हणतात. मोडलेल्या हाडात रॉड बसवतानाही तेच वापरतात. त्याच्या पडद्यावर मणके दिसत राहतात आणि सुई कुठं चालली आहे तेही दिसतं. काही नसांसाठी सोनोग्राफी वापरतात, तीच जिच्यात पोटातलं बाळ दिसतं. आधी कातडी बधिर करतात. मग पडद्यावर पाहत सुई पुढं नेतात. मणक्याजवळ असेल तर थोडं रंगद्रव्य सोडून पाहतात की औषध बरोबर जागी पसरेल ना. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. पोट किंवा पाठ कापत नाहीत, टाके पडत नाहीत, त्याच दिवशी घरी जाता येतं.

पण पहिली सुई पुष्कळदा उपचाराची नसतेच, ती परीक्षेची असते. संशय असलेल्या नसेजवळ थोडंसं बधिर करायचं औषध सोडतात, दात काढताना देतात त्या जातीचं. त्यानंतर काही तास दुखणं थांबलं, तर चोर सापडला. नाही थांबलं, तर ती नस निर्दोष आणि पुढची सुई वाचली. आम्हाला या सगळ्या प्रकारातली ही पायरी सर्वांत शहाणपणाची वाटते. पाठीतल्या बारीक नसेला गरम सुई द्यायची आहे आणि ही परीक्षा करायची नाही असं कोणी म्हणालं, तर का नाही, हे विचारायला लाजू नका.

चोर सापडल्यावर दोन मुख्य वाटा आहेत. नस गादी सरकल्यामुळं दबून सुजली असेल, तर तिच्या मुळाशी सूज उतरवणारं औषध, म्हणजे स्टेरॉइड, सोडतात. आणि मणक्याच्या सांध्यांतून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या बारीक नसा असतील, तर गरम सुई. तिच्या टोकातून रेडिओ लहरींसारखा विजेचा प्रवाह सोडून ते टोक साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तेही फक्त 60 ते 90 सेकंद. भाजलं जातं ते काही मिलिमीटर. तापवण्याआधी थोडा करंट सोडून पाहतात. पाय उडाला तर ती हालचालीची नस जवळ आहे, तिथं तापवायचं नाही. कंबरेतून पायात उतरणारी जाडजूड सायटिक नस कधी अशी जाळत नाहीत, कारण पायाचं चालणंच तिच्यावर आहे. अशा मोठ्या नसांसाठी त्याच सुईचा सौम्य प्रकार आहे, त्यात उष्णता 42 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत.

तिसरी वाटही आहे, पण ती आपल्यापैकी थोड्यांच्याच कामाची. 1965 साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की मणक्यात दुखण्याच्या निरोपासाठी एक फाटक असतं. ठेच लागली की आपण ती जागा चोळतो. चोळण्याचा निरोप आधी पोचतो आणि फाटक अर्धं लागतं. त्यावरूनच पुढं मणक्यात बारीक तारा बसवून सौम्य करंट देणारं यंत्र निघालं. मोठ्या शहरांत ते बसवतात, खर्च लाखांत जातो.

आता तोंडाच्या नसेविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण या दुखण्यात बायांचं नुकसान फार होतं. चेहऱ्याच्या एका बाजूला अचानक वीज कडाडावी तशी कळ येते, काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. भाकरीचा घास चावला, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, एस.टी.च्या खिडकीतून वारा लागला, एवढंही पुरतं. बाई जेवायला घाबरते, बोलायला घाबरते. आणि कळ जबड्यात असल्यामुळं ती जाते दातवाल्याकडं. एक दात काढला, नाही थांबलं, दुसरा काढला. चांगले दात जातात, कळ तशीच राहते. हा पन्नाशीनंतर जास्त दिसणारा आणि पुरुषांपेक्षा बायांना अधिक होणारा आजार आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया त्याचं नाव. दात पाहून डॉक्टर म्हणाले की कीड नाही, तर दात काढू देऊ नका, नसांच्या डॉक्टरांकडं जा.

त्यावर आधी गोळी असते, कार्बामाझेपिन नावाची, आणि पुष्कळांना तिनं चांगला गुण येतो. एमआरआय काढून नसेवर गाठ किंवा रक्तवाहिनी टेकली आहे का तेही पाहतात. गोळी पुरेनाशी झाली, किंवा तिनं फार गरगरायला लागलं, तर सुईचा विचार. ओठांच्या कोपऱ्याजवळून गालात सुई घालून, सी-आर्मवर पाहत, कवटीच्या तळाशी असलेल्या एका लहान छिद्रातून ती नसेच्या गाठीपर्यंत नेतात. मध्येच पेशंटला जागं करून विचारतात, मुंग्या कुठं येतात? गालात की हनुवटीत? तिनं बरोबर जागा सांगितली की मगच तापवतात. काही ठिकाणी तापवण्याऐवजी बारीकसा फुगा फुगवून नस दाबतात. कळ थांबते, पण चेहऱ्याचा तो भाग थोडा बधिर राहू शकतो, आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. तेव्हा सुई पुन्हा देता येते. तब्येत चांगली असेल आणि रक्तवाहिनी नसेला घासत असेल, तर कवटी उघडून ती बाजूला सारण्याचं ऑपरेशन जास्त वर्षं टिकतं. सुई छोटी म्हणून तीच प्रत्येकीला बरी, असं नाही.

नागिणीचंही तसंच. नागिणीनं वेढा पुरा केला की माणूस मरतो, ही नुसती भीती आहे. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणू नसेत दडून बसतो आणि म्हातारपणी त्या नसेच्या वाटेनं बाहेर येतो. खरा धोका आहे तो नंतर महिनोन्‌महिने राहणाऱ्या आगीचा. फोड आल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूचं औषध सुरू झालं तर फोड लवकर बरे होतात, आजार सौम्य जातो. गेरू लावत आठवडा काढला तर ही वेळ हातची जाते. डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी निघा. आग मागं राहिलीच, तर गोळ्या आणि कधी नसेजवळची सुई, दोन्ही उपयोगी पडतात.

गोळ्यांवरून आठवलं. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन या नसेच्या दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्या. मेडिकलवाला म्हणतो, ही तर फिटची गोळी, ही तर मनाच्या आजाराची, आणि बाई त्या फेकून देते. डॉक्टर तुम्हाला वेडी समजलेले नसतात. खोटे निरोप शांत करायला त्याच गोळ्या लागतात, आणि गुण यायला दोन-तीन आठवडे जातात.

कुठं सुई नको, तेही सांगतो. दोन्ही तळपाय जळत असतील तर आधी साखर तपासा, मग बी-12. साखर वाढलेली असताना सुई देऊन उपयोग नाही. कातडीवर सुन्न चट्टा आणि कोपराजवळ जाड, दुखरी नस असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांचं तपोवन ज्यांच्यासाठी उभं राहिलं, तोच हा आजार. आज तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. लपवलं तर नस कायमची जाते. आणि कंबर दुखता दुखता लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर सुईची चौकशी करत बसू नका. ती त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात नेण्याची वेळ आहे.

कंबरेच्या गादीमुळं होणारं पायाचं दुखणं बहुतेकींचं दीड ते तीन महिन्यांत आपोआप उतरतं. स्टेरॉइडच्या सुईनं त्या काळात आराम मिळतो, काही आठवडे, कधी काही महिने. गादी त्यानं जागेवर जात नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात गटाचं कर्ज काढून सुई घ्यायला आमचा तरी पाठिंबा नाही. तीन महिने उलटले, गोळ्या आणि व्यायाम मनापासून करून झाले, तरी झोप नाही आणि काम नाही, तर मात्र सहन करत बसण्यातही शहाणपण नाही.

हे काम बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ करतात, काही ठिकाणी मेंदूचे किंवा एक्स-रेचे डॉक्टर. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीला सुपर स्पेशालिटी, पुढं नागपूरचं मेडिकल आणि एम्स, नाहीतर सेवाग्राम. जाण्याआधी विचारून घ्या की दुखण्याची ओपीडी आहे का आणि कोणत्या वारी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला किंवा 155388 या नंबरवर विचारा, आणि ते पैसे भरण्याआधी विचारा.

डॉक्टरांना तुम्ही आपणहून सांगायचं ते असं: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, साखर आहे का, पाळी चुकली आहे का. स्टेरॉइडनं साखर काही दिवस वाढते. गरोदरपणी एक्स-रे टाळतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नसेला इजा हे धोके कमी असले तरी आहेत, आणि सही करण्याआधी कागद घरच्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. सोबत कोणीतरी असू द्या, कारण पाय काही तास जड राहू शकतो.

घरी आल्यावर दोन दिवस हंडा आणि गाठोडं उचलू नका. ताप आला किंवा टोचलेल्या जागी पू दिसला तर लगेच परत जा. आणि गटाच्या हिशोबाच्या वहीसारखी एक छोटी वही करा. रोज संध्याकाळी दुखणं शून्य ते दहापैकी किती, रात्री किती वेळ झोपलात, किती चाललात, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या. पुढच्या तारखेला ती वही डॉक्टरांपुढं ठेवा, दुसरी सुई द्यायची की नाही हे त्यातूनच ठरेल.