छातीत भरून येते, तो गॅसच असतो का?

भोपाळात 'गॅस' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक पोटातला, जड जेवणानंतर छातीत भरून येतो तो. दुसरा २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाईडच्या कारखान्यातून सुटलेला. हृदयाचे दुखणे या दोन्हींच्या आड लपते, म्हणून या वेळी त्याविषयी लिहीत आहोत.

आधी पोटातला घेऊ. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद होऊ लागल्या की पहिली खूण बहुधा श्रमाच्या वेळी दिसते. ईदगाह हिल्सचा चढ चढताना किंवा गव्हाचे पोते उचलताना छातीच्या मधोमध कोणी दाबून धरल्यासारखे होते. कधी ती कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाते. पुष्कळ रोगी तर "दुखते" असे म्हणतच नाहीत, "जड वाटते" एवढेच सांगतात. थांबले की चार-पाच मिनिटांत उतरते, आणि इथेच फसगत होते. बरे वाटले, म्हणजे गॅसच होता, असे आपण ठरवून टाकतो. वास्तविक श्रमाने येणे आणि विसाव्याने जाणे हीच हृदयाच्या दुखण्याची ओळख. सोडा-लिंबू पिऊन ढेकर आली, एवढ्यावरून हृदय ठीक आहे असे ठरत नाही.

स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये ही कळ नसूही शकते. नेहमीचे काम करताना एकाएकी थकवा, दम, मळमळ, थंड घाम, एवढेच. घरातली बाई "आज अंगात त्राणच नाही" म्हणाली तर ते कुरकुर समजून सोडू नये. वयावरही विसंबू नका. आपल्या उपखंडातील माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. तंबाखू, बिडी, रक्तदाब, साखर यांपैकी काही असेल तर अधिक जपावे.

शेतकरी बांधवांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. सीहोर-बैरसिया भागात गव्हाला पाणी देण्याची वेळ नेमकी कडाक्याच्या थंडीची, आणि वीज पुष्कळदा रात्री येते. उबदार अंथरुणातून उठून थेट पाण्यात पाय घालण्यापूर्वी कान-छाती झाका, आणि पूर्वी त्रास झालेल्याने एकट्याने जाऊ नये.

आता दुसरा गॅस. त्या रात्री ज्यांची फुप्फुसे जळली, त्यांना दम लागणे अंगवळणी पडले आहे. तेव्हा विशीत असलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत. या वयात वाढलेला दम 'जुनाच' म्हणून सोडून देणे धोक्याचे. सपाट झोपले की जीव घुसमटतो का? दोन-तीन उशा लागतात का? मध्यरात्री धापा टाकत जाग येते का? घोट्याजवळ बोटाने दाबले तर खळगा राहतो का? काही दिवसांतच वजन दोन किलोने वाढले का? अशा वेळी हृदय थकले असण्याचा संभव असतो. फुप्फुसांच्या जुन्या रोगाने हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो, तोही दुर्लक्षून चालत नाही. ई.सी.जी. आणि इको केल्याशिवाय घरच्या घरी निवाडा होत नाही.

विसाव्यातही छातीतला दाब दहा-पंधरा मिनिटांत गेला नाही, किंवा त्यासोबत घाम-चक्कर आली, तर १०८ ला फोन करावा. रोग्याला चालवू नये, स्कूटरवर तर मुळीच बसवू नये. ॲस्पिरिनची गोळी चावून खाण्याने लाभ होतो, पण ॲलर्जी, पोटातला व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांनी ती घेऊ नये. फोनवर डॉक्टरांना विचारून घ्यावे. बंद पडलेली वाहिनी जितकी लवकर उघडेल तितके स्नायू वाचतात. खेड्यातील मंडळींनी भोपाळचे मोठे रुग्णालय गाठण्याच्या नादात वाटेतले जिल्हा रुग्णालय ओलांडू नये, ई.सी.जी. आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथे मिळू शकते. पहिला ई.सी.जी. साफ आला तरी लगेच घरी परतू नका. काही वेळाने तो पुन्हा काढतात आणि रक्ताचीही तपासणी करतात.

घरात जुना ई.सी.जी. असल्यास तो औषधांच्या चिठ्ठ्यांसह पिशवीत ठेवावा व निघताना बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरांना नवा त्याच्याशी ताडून पाहता येतो.