कोणाच्या ताईची?

एप्रिलचा शेवटचा शनिवार म्हणजे जागतिक ताई ची आणि चीगोंग दिन. न्यूझीलंडमध्ये सकाळचे दहा वाजले, की तिथली माणसे मैदानात उभी राहतात. मग ज्याच्या त्याच्या घड्याळात दहा वाजतील तसतसा एकेक देश त्यांना सामील होत जातो. बागेत ओळीने उभी असलेली, पाण्याखाली असल्यासारखे हात फिरवणारी माणसे दुसऱ्या दिवशी कुठल्या ना कुठल्या फोटोत तुम्हाला दिसतीलच. खाली 'प्राचीन चिनी विद्या' असे छापलेले असेल. त्यातला 'प्राचीन' हा शब्द जरा बाजूला काढून ठेवा. त्याचा हिशेब पुढे करू.

हा दिवस मुळात सुरू झाला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, एका नवरा-बायकोच्या पुढाकाराने. चीनबाहेर ताई ची करणाऱ्या कितीतरी जणांची तिच्याशी पहिली गाठ पडली ती वाचनालयाच्या तळघरात, चर्चच्या हॉलमध्ये किंवा पालिकेच्या प्रौढ वर्गात. धुक्यातला डोंगर, पांढऱ्या दाढीचा गुरू वगैरे सगळे सिनेमात.

माझी मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेली होती. सहा महिने डिंकाचे लाडू आणि बाळाचे मालिश यांत जातील, असा अंदाज होता. तिसऱ्या महिन्यात फोनवर म्हणाली, "मंगळवारी फोन करू नकोस, ताई ची असते." पलीकडून काकांचा आवाज आला, "कोणाच्या ताईची?" घराजवळच्या ज्येष्ठांच्या केंद्रात आठवड्यातून एकदा तासभर हा वर्ग चाले. शिकणारे चौदा, शिकवणारी बाई इटालियन आडनावाची. केंद्राच्या त्याच पत्रकात चिनी सुलेखन होते, डंपलिंग करायला शिकवणारी एक दुपार होती आणि गोधडी शिवण्याचा वर्गही होता. मावशीने ताई ची निवडली, कारण 'खाली बसावे लागत नाही'. साठीनंतर व्यायाम निवडण्याची याहून प्रामाणिक कसोटी मला ठाऊक नाही.

नावातच घोळ

अशा वर्गांच्या जाहिरातीत 'ची' म्हणजे प्राणशक्ती असे समजावलेले असते. चीगोंगमधली 'ची' म्हणजे श्वास, प्राण, हे खरे. ताई चीमधली 'ची' मात्र वेगळी. तिचा चिनी उच्चार 'जी'च्या जवळ जातो आणि त्या अक्षराचा जुना अर्थ आहे घराचे आढे, छपराचे सर्वांत उंच लाकूड. त्यावरून पुढे 'टोक', 'परमसीमा' असा अर्थ आला. पूर्ण नाव ताईचीछुआन, आणि 'छुआन' म्हणजे मूठ. परमतत्त्वाच्या नावाने मारलेला ठोसा, असा त्या नावाचा सरळ अर्थ निघतो. प्रौढ वर्गांच्या पत्रकात ही मूठ सहसा गळालेली असते. ठोसा शिकायला साठीच्या बायका कशाला येतील?

पण ठोसा तिथेच आहे. 'पांढरा सारस पंख पसरतो', 'रानघोड्याची आयाळ विंचरणे', 'ढगांसारखे हात' ही नावे ऐकून कविता वाटते. जाणकाराला विचारा. तो सांगेल, सारसाचा वर गेलेला पंख म्हणजे समोरच्याचा हात उडवणे, आणि आयाळ विंचरणे म्हणजे त्याच्या काखेखालून हात घालून त्याला आडवा करणे.

वकिलाने केलेली उलटतपासणी

आता त्या 'प्राचीन'कडे. ताई चीची पोथीतली गोष्ट अशी: वूदांग पर्वतावर चांग सान्फेंग नावाचा ताओपंथी सिद्ध राहत होता. त्याने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि त्यातून ही विद्या स्फुरली. दुसरी गोष्ट आपल्या जास्त जिव्हाळ्याची. बोधिधर्म भारतातून शाओलिन मठात गेला, त्याने भिक्षूंना व्यायाम शिकवला आणि त्यातून कुंग फू जन्मले. ही दुसरी गोष्ट आपल्या कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटांत वर्षातून दोनदा तरी फिरते, बहुधा योगदिनाच्या आसपास.

या दोन्ही गोष्टींना पहिला धक्का दिला तो तांग हाओ या माणसाने. तो पेशाने वकील, जपानमध्ये कायदा शिकलेला आणि स्वतः मर्दानी विद्या घोटलेला. १९३० मध्ये त्याने शाओलिन आणि वूदांगच्या परंपरांची चिकित्सा करणारे पुस्तक छापले. त्यात साक्षीपुरावे मांडून त्याने दाखवले, की बोधिधर्माचा किंवा चांग सान्फेंगचा या विद्यांशी संबंध जोडणारा आधार फार उशिराचा आहे. संतापलेल्या पहिलवानांनी त्याला चोपायचा बेत केला होता आणि मोठ्या उस्तादांनी मध्यस्थी केली म्हणून तो वाचला, असे सांगतात. आपल्याकडच्या इतिहास संशोधकांना हा प्रसंग परका वाटू नये.

तांग हाओ तिथे थांबला नाही. तो हनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या खेड्यात गेला, चेन घराण्याच्या वंशावळी आणि कागद चाळले आणि ताई चीचे मूळ त्याने सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग या लढवय्यापर्यंत नेऊन ठेवले. त्याच्या या निष्कर्षावरही पुढे वाद झाले; घराण्यांचा मान जिथे गुंतलेला असतो तिथे ते होणारच. पण दंतकथा आणि कागद वेगळे ठेवायचे असतात, हे त्याने या क्षेत्राला शिकवले. बोधिधर्माचे म्हणाल, तर ज्या व्यायामग्रंथाशी त्याचे नाव जोडतात त्यावरची नोंद १६२४ ची आहे. बोधिधर्माचा काळ पाचव्या-सहाव्या शतकातला. मध्ये हजार वर्षांहून मोठे भगदाड आहे. पुढच्या वेळी तो संदेश आला, की हा परिच्छेद खुशाल उत्तरादाखल पाठवा.

चेन खेड्यातून विद्या बाहेर काढली यांग लुचान याने, एकोणिसाव्या शतकात. त्याने ती बीजिंगमध्ये नेऊन मांचू राजवटीच्या पहारेकऱ्यांना शिकवली. त्याचा नातू यांग चेंगफू याने उड्या आणि फटके कमी केले, गती संथ आणि एकसारखी केली. म्हणजे आपण ज्याला ताई चीचा आत्मा समजतो, ते संथपण मुख्यतः विसाव्या शतकातले. जगभरच्या वर्गांत सर्वाधिक शिकवला जाणारा २४ हालचालींचा क्रम तर त्याहून तरुण आहे. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैली छाटून, सोपी करून तो बनवला. पाच-सहा मिनिटांत संपतो. एका सरकारी समितीने कारखान्यातल्या कामगारासाठी आणि शाळेतल्या पोरासाठी बसवलेली ही कवायत. मावशीहूनही लहान!

पुण्याचा एक धागा

याने ताई ची खोटी ठरत नाही. लोकांना जमेल असे काही बनवायचे, तर कोणीतरी बसून ते छाटावे लागते. हे काम मठापेक्षा प्रौढ वर्गांनी जास्त केले आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक दाखला आपल्या पुण्याचाच आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने संध्याकाळच्या प्रौढ वर्गांत योग शिकवायचे ठरवले. निवड झाली पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची. अट एकच: आसने आणि प्राणायाम शिकवा, योगाचे तत्त्वज्ञान वर्गात आणू नका. करदात्याच्या पैशात धर्म नको, हा त्यामागचा विचार. अय्यंगारांनी अट मान्य केली, शिक्षक तयार करून दिले, आणि ब्रिटनमधला योग त्या संध्याकाळच्या वर्गांतून घराघरात गेला. आज ज्याला आपण 'परदेशी लोकांचा योग' म्हणून नाके मुरडतो, त्याच्या घडणीत त्या एका अटीचा वाटा मोठा आहे.

ताई ची त्याच सुमारास त्याच दारांनी शिरली, आणि तिचा हात धरला नर्तकींनी. न्यूयॉर्कमध्ये सोफिया डेल्झा ही नर्तकी शांघायमध्ये शिकून आलेली. तिचे ताई चीवरचे पुस्तक १९६१ चे. लंडनमध्ये गेर्डा गेडेस ही मूळची नॉर्वेची नर्तकी, हाँगकाँगला शिकलेली. चिनी गुरू चेंग मान-चिंग न्यूयॉर्कला पोहोचले ते १९६४ मध्ये. पश्चिमेकडे ताई चीला नृत्याची छटा कुठून आली, याचा उलगडा इथे होतो. मूठ गळली तीही बहुधा इथेच, आणि चीनच्या समितीने तिचा आधीच निम्मा निकाल लावला होता.

मग उपयोग काय?

मुठीचा उपयोग विचाराल, तर २०१७ च्या एप्रिलमध्ये चेंगडू शहरात त्याचा जाहीर निकाल लागला. शू शियाओडोंग या कुस्ती-मुष्टियुद्ध करणाऱ्या खेळाडूने 'वज्र' ताई चीच्या स्वयंघोषित गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवले. चिनी समाजमाध्यमांवर हलकल्लोळ झाला. त्या चित्रफितीनंतर स्वसंरक्षणासाठी या वर्गांना जाण्यात अर्थ उरलेला नाही, असे माझे मत.

पण न पडण्यासाठी? इथे मी माझा सगळा तिरकसपणा गुंडाळून ठेवतो. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये फुझोंग ली या संशोधकाच्या गटाने ७० वर्षांवरच्या, पडण्याचा धोका असलेल्या ६७० जणांचे तीन गट केले. एकाला ताई चीवर बेतलेले व्यायाम, दुसऱ्याला ताकद, तोल आणि दम यांचा मिश्र व्यायाम, तिसऱ्याला नुसते ताण देणे. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. निष्कर्ष २०१८ मध्ये आला. ताण देणाऱ्यांच्या तुलनेत ताई चीवाल्यांचे पडणे ५८ टक्क्यांनी कमी आणि मिश्र व्यायामवाल्यांच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी. याच संशोधकाने २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवर केलेल्या अभ्यासातही तोल सुधारल्याचे दिसले होते. गुडघ्याच्या संधिवाताच्या २०४ रुग्णांवरच्या २०१६ च्या अभ्यासात ताई ची आणि फिजिओथेरपी यांचा फायदा जवळपास सारखाच निघाला.

हे होते कसे, याला प्राणशक्तीची साक्ष काढायची गरज नाही. आपण चालतो तेव्हा वजन एका पायावरून दुसऱ्यावर फेकतो. ताई चीत ते ओतावे लागते, भरलेल्या घागरीतून पाणी ओतावे तसे, थेंबही न सांडता. गुडघे किंचित वाकलेले, मान आणि नजर वळती, एक पाय क्षणभर अधांतरी. घोटा, तळवा आणि डोळे यांची आपसातली बोलाचाली वयानुसार मंदावते, ती पुन्हा सुरू होते. शिवाय आठवड्यातला एक वार ठरतो आणि गैरहजर राहिलो तर विचारणारी तेरा माणसे मिळतात. या शेवटच्या औषधाचे मोल कमी लेखू नये.

मावशी डोंबिवलीला परतली तेव्हा मी एकच गोष्ट पाहिली. दारात चपला घालताना पूर्वी ती कपाटाला धरायची. आता धरत नाही.

संस्कृतीची पाटी

चीनला हे आकर्षण कळले नसते तरच नवल. २००४ मध्ये सोलमध्ये पहिली कन्फ्यूशियस संस्था उघडली आणि भाषा, सुलेखन, ताई ची असा संच जगभरच्या विद्यापीठांत पोहोचला. मुंबई विद्यापीठातही अशी संस्था २०१३ मध्ये आली. पुढे प्रचाराच्या संशयावरून अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या बंद झाल्या, स्वीडनने तर पूर्ण दार लावले, आणि २०२० मध्ये भारत सरकारनेही इथल्या संस्थांच्या फेरतपासणीचे ठरवले. त्याच वर्षी युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. योग तिथे २०१६ पासून आहेच. सरकारांनी वारशाच्या पाट्या लावत बसावे. न्यू जर्सीतला तो मंगळवारचा वर्ग कुठल्याच दूतावासाच्या भरवशावर चाललेला नव्हता.

आपल्याकडे शिकायचे असेल, तर शिक्षकाला तीन प्रश्न विचारा. गुडघा पावलाच्या दिशेतच ठेवायला शिकवता का? आत वळणारा गुडघा दुखणे वाढवतो. ज्याला उभे राहवत नाही त्याला खुर्ची देता का? आणि यातून मधुमेह, कर्करोग बरा होतो का? तिसऱ्याला 'हो' आले, तर नमस्कार करून निघा. चक्कर येत असेल किंवा हाडे ठिसूळ असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच माणसे हसायला जमली आणि त्यातून हास्यक्लब जगभर गेला. वर्ग कसा उभा करायचा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. महिन्यातले एक व्याख्यान कमी करा, हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावा आणि मोकळ्या जागेत तोलाचा तास सुरू करा. त्याला ताई ची म्हणा, नाहीतर दुसरे काही. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले, की ते कोणत्या देशाच्या विद्येअभावी मोडले हे कोणी विचारत नाही.