घोडी घामाघूम झाली, आता पाणी पाजायचं का?

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या उन्हाळ्याबद्दल बोललो, तेव्हा वाड्यावरच्या बायांनी आम्हांला हटकलं. "मेंढरांचं, शेळ्यांचं समदं सांगता, पण आमचं बिऱ्हाड ज्याच्या पाठीवर हाय त्याचं कुणी सांगत न्हाई." बोलणं खरं होतं. माण, आटपाडी, सांगोल्याकडचे पुष्कळ धनगर वाडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गडी मेंढरांमागे असतात. पाल, भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं, कधी लेकरूसुद्धा घोड्यावर लादायचं, नव्या तळावर न्यायचं, उतरवायचं, हे काम बायांचं. म्हणून आज घोड्याचा उन्हाळा.

सगळ्यांत जास्त विचारलेला प्रश्न आधी घेऊ. तळावर आलेल्या, तापलेल्या घोडीला लगेच पाणी पाजायचं का? जुनं सांगणं असं, की पाजलं तर पोट धरतं, अंगावर ओतलं तर अंग आखडतं. आम्हीही हे ऐकत आणि पाळत आलो. आमच्यातल्या एकीच्या सासरची घोडी याच समजुतीपायी भर मे महिन्यात कोसळली. पाण्याची टाकी हाकेच्या अंतरावर होती. घोडी निवू दे मग पाजू, म्हणून सगळे थांबले होते.

आता स्पष्ट सांगतो. तापलेल्या घोडीला पाणी पाजायचं आणि अंगावर ओतायचंही. थांबवून ठेवायची ती चंदी. श्वास जागेवर येईपर्यंत तोबरा बांधू नका. दमलेल्या पोटात एकदम भरपूर धान्य गेलं तर पोटदुखी उठू शकते, आणि घोड्याला उलटी होत नाही, म्हणून त्याची पोटदुखी जिवावर बेतते.

घोडा निवतो कसा, ते समजलं की बाकीचं आपोआप कळतं. म्हशीला घाम कमी, म्हणून ती डबक्यात बसते. कुत्रं जीभ काढून धापा टाकतं. घोड्याला मात्र आपल्यासारखाच भरपूर घाम येतो आणि तो वाळताना अंग निवतं. माणदेशाच्या कोरड्या उन्हात घाम आल्या आल्या उडून जातो. अंग कोरडं दिसतं, म्हणून वाटतं घोडी फार घामली नाही. पण केसांवर हात फिरवून बघा, मिठाची पांढरी खर लागेल. घाट उतरून कोकणात गेलं की उलटं होतं. घाम नुसता निथळतो, हवा दमट म्हणून वाळत नाही, आणि अंग निवत नाही. तिथं ऊन कमी वाटलं तरी घोडी जास्त तापू शकते.

घामाबरोबर पाणी जातं तसं मीठही जातं. आपल्या लहान चणीच्या घोड्याला एरवी दिवसाला 15 ते 20 लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात ओझ्याच्या दिवशी ते दुप्पट होतं. चंदी थोडी ओली करून त्यात दिवसाला 25 ते 30 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट पोह्याचे चमचे मीठ कालवा. मिठाचं पाणी ठेवलंत तर शेजारी साधं पाणीही ठेवा. काही घोड्या खारट पाण्याला तोंड लावत नाहीत, आणि मग तहानलेल्याच राहतात.

अंगावर पाणी ओतायचं तर मान, छाती, दोन्ही कुशी, मांड्यांच्या आतली बाजू, सगळीकडे आणि पुन्हा पुन्हा. अंगावरचं पाणी तापतं, म्हणून नवं ओतायचं. ओलं गोणपाट पाठीवर टाकून ठेवू नका, त्याखाली ऊब कोंडते. वारा लागेल अशा सावलीत उभं करा. हे सांगताना आम्हांलाच संकोच वाटतो. जिथं हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, तिथं ओता म्हणायचं कुणाला? पाणी थोडं असेल तर आधी पाजा. उरलेल्यात फडकं बुडवून मान, छाती आणि मांड्यांची आतली बाजू सारखी पुसा, वारा घाला.

तरी सगळ्यांत चांगलं म्हणजे घोडी तापूच न देणं. पहाटे लादा, ऊन चढायच्या आत तळ गाठा, उरलेली वाट ऊन कललं की चाला. पोचल्याबरोबर ओझं आणि खोगीर उतरवा. घामानं भिजलेलं खोगीर तसंच पुन्हा चढवलं की पाठ सोलते, माश्या बसतात, आणि त्या जखमेवर आठवडाभर ओझं टाकता येत नाही. खोगिराखालचं कापड धुऊन वाळवा, खरारा करा. बांधायला लिंबाची, वडाची सावली पत्र्यापेक्षा कधीही बरी. पत्राच असेल तर वर कडबा टाका. सावली सरकते हे मात्र ध्यानात ठेवा. सकाळी सावलीत बांधलेली घोडी दुपारी उन्हात आलेली असते, आणि दावं आखूड असेल तर तिला हलताही येत नाही.

पाणी कमी पडलंय का, हे चिमटीनं कळतं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत जागेवर बसली तर ठीक. हिरडी ओली, गुलाबी हवी. कोरडी, चिकट किंवा गडद लाल झाली तर धोका. निवांत घोडी मिनिटाला 8 ते 16 वेळा श्वास घेते. कुशीकडे बघून मोजा. सावलीत, पाणी मिळूनही अर्ध्या तासात धाप उतरत नसेल, पाय लटपटत असतील, किंवा अंग तापलेलं असून घामाचा टिपूस नसेल, तर पाणी ओतणं चालू ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. गुदद्वारात थर्मामीटर लावता येत असेल तर बघा. निरोगी घोड्याचं 99 ते 101 अंश फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं तर क्षणभरही थांबू नका.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा फुकटचा नंबर आहे. वाडा रोज हलतो, म्हणून फोन करताना तळाचं गाव, जवळची वस्ती आणि पोचायची वाट सांगा. घोडी गाभण असेल किंवा पोटाशी शिंगरू असेल तर तेही पहिल्याच वाक्यात सांगा.