कागद जाळणाऱ्या कादंबरीकाराचे चरित्र

ऑस्ट्रेलियन कादंबरीकार पॅट्रिक व्हाइट (१९१२–१९९०) यांचे डेव्हिड मार यांनी लिहिलेले चरित्र ‘पॅट्रिक व्हाइट: अ लाइफ’ या नावाने १९९१ साली प्रसिद्ध झाले. साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणारे व्हाइट हे पहिले ऑस्ट्रेलियन लेखक; ते त्यांना १९७३ मध्ये मिळाले. ‘द ट्री ऑफ मॅन’, ‘व्हॉस’, ‘रायडर्स इन द चॅरियट’, ‘द आय ऑफ द स्टॉर्म’ या कादंबऱ्यांनी त्यांची कीर्ती देशाबाहेर पोहोचवली होती. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी लोकांना जे माहीत होते, ते मात्र बहुतेक त्यांनी स्वतःच सांगितलेले होते. चरित्रनायक हयात आहे, स्वभावाने तापट आहे आणि स्वतःचे कागद जाळतो, अशा परिस्थितीत चरित्राचे काम कसे उभे राहते, हे या ग्रंथाच्या घडणीतून पाहता येते.

कागद जाळण्याची गोष्ट अक्षरशः खरी आहे. १९४८ पासून व्हाइट आणि त्यांचे आयुष्याचे जोडीदार मॅनोली लास्कारिस सिडनीजवळच्या कॅसल हिल येथे राहत होते. तेथे ते श्नाउझर जातीचे कुत्रे आणि शेळ्या पाळत. फुले, भाजी, दूध, साय विकत. १९६४ मध्ये हे घर सोडून सेंटेनियल पार्कसमोरच्या मार्टिन रोडवर बिऱ्हाड हलवताना व्हाइट यांनी हस्तलिखिते आणि पत्रांचे ढीग आगीत टाकले. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्याकडे कागदपत्रांची विचारणा केली, तेव्हा त्यांचे उत्तर रोखठोक होते: पुस्तक छापून झाले की हस्तलिखित नष्ट होते, आलेली पत्रे आपण ठेवत नाही, आपली पत्रे ठेवू नयेत असे मित्रांनाही सांगतो, आणि मरताना जे अपुरे राहील तेही जाळले जाईल.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच देशात आहे. कादंबरीकार माइल्स फ्रँकलिन यांनी आपल्या रोजनिश्या आणि पत्रव्यवहार सिडनीच्या मिचेल ग्रंथालयाकडे सोपवला. त्यांच्या चरित्रकार जिल रो यांची वीस वर्षांहून अधिक काळ त्या साठ्याशी झटापट चालली आणि चरित्र २००८ मध्ये आले. फ्रँकलिन यांच्या मृत्युपत्रातून सुरू झालेला पुरस्कार १९५७ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो व्हाइट यांच्या ‘व्हॉस’लाच. एकीने सगळे राखून ठेवले, दुसऱ्याने सगळे पेटवले. पण काम दोन्हीकडे सारखेच अवघड ठरले. कागद उदंड असले की निवड करताना जीव मेटाकुटीला येतो, आणि नसले की प्रत्येक चिटोऱ्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते.

मार हे कायद्याचे शिक्षण घेतलेले पत्रकार. त्यांनी आधी लिहिलेले चरित्र सर गारफील्ड बार्विक या सरन्यायाधीशांचे होते (१९८०). १९७५ मध्ये गव्हर्नर जनरलने गॉफ व्हिटलम यांचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले, तेव्हा त्याला सल्ला देणारे बार्विक हेच. व्हाइट हे व्हिटलम यांचे कट्टर समर्थक. त्या बरखास्तीच्या रागाने त्यांनी ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सन्मान परत केला होता. न्यायालयीन कागद वाचणारा, सत्तेच्या माणसांची उलटतपासणी करणारा पत्रकार कादंबरीकाराच्या चरित्राकडे वळला, ही गोष्ट ग्रंथाच्या एकूण बांधणीत जाणवते. त्यात कादंबऱ्यांची समीक्षा कमी आणि पुरावा जास्त आहे. काही समीक्षक याला उणीव म्हणतील. पण या चरित्रनायकाच्या बाबतीत ती निवड योग्यच होती. कादंबऱ्यांवर लिहिणारे पुष्कळ होते, कागद हुडकणारा कोणी नव्हता.

लेखकाने संमती देणे आणि लेखकाने चरित्रावर ताबा ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अधिकृत’ चरित्रात बहुधा नायकाला किंवा त्याच्या वारसांना मजकूर गाळण्याचा हक्क असतो आणि पुस्तक गुळगुळीत होते. व्हाइट बोलायला तयार झाले, तरी पुस्तक मार यांचेच राहिले. या सवलतीचे मोल मोठे आहे. नायकाची संमती आहे एवढे कळले की इतकी वर्षे गप्प बसलेली माणसेही बोलू लागतात आणि कपाटांच्या किल्ल्या निघतात.

त्या कपाटांत पत्रे होती. व्हाइट यांनी मित्रांना पत्रे जाळायला सांगितली होती. काहींनी ती जाळलीही असतील, पण पुष्कळांनी जपून ठेवली. तरुण वयात त्यांनी न्यू मेक्सिकोतील स्पड जॉन्सन यांना लिहिलेली पत्रे होती, स्पॅनिश उमराव पेपे माम्ब्लास यांना लिहिलेली होती. चुलत-मावस गोतावळ्यातल्या शिल्पकार पेगी गार्लंड न्यूझीलंडमध्ये राहत असताना त्यांना कॅसल हिलहून गेलेली होती. आणि व्हायकिंग या अमेरिकी प्रकाशनसंस्थेतील बेन ह्यूब्श यांना लिहिलेली होती. ह्यूब्श हे जेम्स जॉइसला अमेरिकेत प्रथम छापणाऱ्यांपैकी. ऑस्ट्रेलियात फारसे कोणी विचारत नव्हते त्या काळात त्यांनी व्हाइट यांच्यावर विश्वास टाकला, म्हणून त्यांना गेलेल्या पत्रांत लेखनाची प्रगती, खोळंबा, शंका हे सारे मोकळेपणाने उतरले आहे. कॅसल हिलच्या वर्षांत व्हाइट यांच्या भोवती साहित्यिक वर्तुळ जवळजवळ नव्हतेच. बोलण्याची सगळी भूक पत्रांतून भागत होती, आणि म्हणूनच ही पत्रे आधुनिक इंग्रजी लेखकांच्या उत्तम पत्रांत गणली जावीत इतकी भरघोस आहेत.

पत्र हाती आले म्हणजे काम झाले असे नाही. कायद्याने पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण त्यातला मजकूर लिहिणाऱ्याचा. म्हणजे ग्रंथालयाने किंवा मित्राने पत्र दाखवले तरी ते छापायला लेखकाची परवानगी लागते. ज्याने पत्रे जाळा म्हणून सांगितले, त्याच्याच संमतीवाचून त्यातली ओळ छापता येत नाही, असा हा पेच. व्हाइट यांनी तो स्वतःच सोडवला; चरित्रात त्यांच्या पत्रांतले उतारे मुबलक आहेत.

मग येतो कालपट. चरित्रकाराच्या कामाचा हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग. प्रत्येक पत्र, प्रवास, घर बदलणे, दम्याचा झटका, पुस्तकाचा पहिला आणि शेवटचा खर्डा तारखेनिशी एका रांगेत लावावा लागतो. तारीख नसलेले पत्र पोस्टाच्या शिक्क्यावरून, त्यात आलेल्या हवामानावरून, एखाद्या नाटकाच्या किंवा निवडणुकीच्या उल्लेखावरून जागी बसते. ही रांग लागली की कोणालाही न सुचलेले संबंध आपोआप दिसू लागतात. व्हाइट यांनी आई रूथ यांना लंडनमध्ये १९६३ साली अखेरचे पाहिले, तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि भोवती परिचारिका होत्या. त्याच वर्षी त्या वारल्या. दहा वर्षांनी आलेल्या ‘द आय ऑफ द स्टॉर्म’ची नायिका एलिझाबेथ हंटर अशीच परिचारिकांच्या गराड्यात मरणाची वाट पाहते. मात्र तिचे घर लंडनमध्ये नाही, सिडनीत एका मोठ्या उद्यानासमोर आहे, व्हाइट यांच्या स्वतःच्या मार्टिन रोडवरच्या घरासारखे. आईचे मरण लेखकाने स्वतःच्या घरात आणून ठेवले. एलिझाबेथ हंटर म्हणजे रूथ व्हाइट, असे समीकरण मांडून थांबणारा चरित्रकार नेमकी हीच गोष्ट हरवून बसतो. कादंबरीवरून आयुष्य सिद्ध करणे हा या कामातला सगळ्यात मोठा मोह आहे आणि तो निग्रहाने टाळावा लागतो.

मुलाखतींचा मामला आणखी नाजूक होता. व्हाइट मैत्री जितक्या उत्कटतेने करत, तितक्याच निर्दयपणे तोडत. चित्रकार सिडनी नोलन यांनी त्यांच्या वतीने स्टॉकहोमला जाऊन नोबेल स्वीकारले. पुढे १९८१ च्या ‘फ्लॉज इन द ग्लास’ या आत्मचित्रात व्हाइट यांनी त्याच नोलन यांच्यावर जिव्हारी लागेल असे लिहिले आणि संबंध कायमचे तुटले. लेखक-संपादक जेफ्री डटन यांच्याशी असलेली जुनी, घरोब्याची मैत्रीही अशीच संपली. दोघेही चरित्र लिहिले जात असताना हयात होते. दुखावलेल्या माणसाची साक्ष कडवट असते म्हणून सोडून देता येत नाही, आणि नायकाच्या तोंडची हकिकत ठसठशीत असते म्हणून जशीच्या तशी उचलता येत नाही.

लास्कारिस यांची गोष्ट वेगळी. दोघांची भेट १९४१ मध्ये अलेक्झांड्रियात झाली. व्हाइट तेव्हा ब्रिटिश हवाई दलात गुप्तवार्ता अधिकारी होते. तेथून व्हाइट यांच्या मृत्यूपर्यंत ते एकत्र राहिले. आपल्या समलैंगिकतेविषयी व्हाइट यांनी ‘फ्लॉज इन द ग्लास’मध्ये उघड लिहिले होते, त्यामुळे चरित्रकाराला गौप्यस्फोट करायचा नव्हता. त्याला एक संसार मांडायचा होता: कोण काय सांभाळत असे, कोण कोणाला सावरत असे, भांडणे कशावरून होत. प्रसिद्ध माणसाच्या सावलीत राहिलेल्या जोडीदाराला चरित्रात त्याचे पूर्ण माप मिळणे दुर्मीळ असते. मार यांच्या ग्रंथात लास्कारिस यांना ते बऱ्याच अंशी मिळाले आहे, आणि ग्रंथाची ही फार मोठी जमेची बाजू आहे.

आत्मकथनाची पडताळणी कशी करावी लागते, हे एका प्रसंगावरून नीट कळते. १९५१ च्या अखेरीस, पावसाची झड लागलेली असताना, व्हाइट कुत्र्याच्या पिलांसाठी अन्नाची भांडी घेऊन निघाले होते. चिखलात पाय घसरला, ते पाठीवर पडले, भांडी चहूकडे उडाली. ज्या देवावर विश्वास नव्हता त्याला पडल्यापडल्या शिव्या घालता घालता त्यांना हसू फुटले, आणि तेथून श्रद्धेची सुरुवात झाली. ‘द ट्री ऑफ मॅन’चा उगमही या काळाच्या आगेमागे आहे. ही हकिकत त्यांनी ‘फ्लॉज इन द ग्लास’मध्ये सांगितली, ती घटनेनंतर तीस वर्षांनी. तीस वर्षांत कसलेल्या कादंबरीकाराच्या हातून कोणतीही आठवण घाटदार होते. तिला आरंभ येतो, कळस येतो. चरित्रकाराने अशा वेळी काय करायचे? पावसाच्या सरकारी नोंदी पाहता येतात. त्या महिन्यांतल्या पत्रांत पिलांचा, चिखलाचा, दम्याचा उल्लेख शोधता येतो. मनात काय झाले ते कोणत्याही दप्तरात सापडत नाही. पण माणूस नंतर कसा वागला ते सापडते: व्हाइट आणि लास्कारिस काही काळ कॅसल हिलच्या अँग्लिकन चर्चमध्ये जाऊ लागले आणि पुढे तिथल्या वातावरणाला विटून त्यांनी जाणे बंद केले. बाहेरचे हे वर्तन आतल्या हकिकतीला आधार देते. प्रसंग खरा, त्याला आलेला घाट लेखकाचा, आणि परिणाम पुन्हा खरा, असे तिन्ही धागे वाचकाला वेगळे दिसतील अशा रीतीने ते लिहावे लागते.

लेखकाने दडवलेली पुस्तकेही वाचावी लागतात. पहिली कादंबरी ‘हॅपी व्हॅली’ १९३९ मध्ये आली. तरुणपणी ॲडमिनबीजवळ मेंढपाळीच्या मोठ्या शेतावर केलेल्या उमेदवारीचे पाणी तिच्यात मुरलेले आहे. व्हाइट यांनी ती हयातीत पुन्हा छापू दिली नाही. नवी आवृत्ती निघाली ती २०१२ मध्ये. नंतरच्या थोर कादंबऱ्यांत जे रसायन पूर्णपणे विरघळले, ते या पहिल्या पुस्तकात अजून खड्यांसारखे दाताखाली येते, आणि चरित्रकाराला हवे असते तेच.

१९९० च्या जुलैमध्ये टंकलिखित प्रत व्हाइट यांच्या हाती गेली. वय ७८, जन्मभराच्या दम्याने फुप्फुसे निकामी होत आलेली. समोरच्या पानांत त्यांचे बालपण होते, आईशी असलेले वैर होते, प्रेमप्रकरणे होती, तोडलेले मित्र होते, आणि त्या मित्रांची बाजूही होती. वाचताना यातना होतात, अनेकदा डोळ्यांतल्या पाण्याआडून पाने वाचावी लागतात, असे त्यांनी मार यांना सांगितले. तपशिलाच्या चुका तेवढ्या त्यांनी दाखवल्या. एकही ओळ गाळायला किंवा बदलायला सांगितली नाही. इतरांना लेखणीने सोलून काढणाऱ्या या माणसाने स्वतःवर चाललेली लेखणी अडवली नाही, यात त्याच्या वाङ्मयीन प्रामाणिकपणाची खरी परीक्षा झाली आणि तो तिला पूर्ण उतरला. ३० सप्टेंबर १९९० रोजी व्हाइट यांचे निधन झाले. पुस्तक पुढच्या वर्षी आले. १९९४ मध्ये मार यांनीच संपादित केलेला पत्रांचा जाड खंड निघाला.

लास्कारिस २००३ मध्ये वारले. २००६ मध्ये, जे अस्तित्वात नाहीत असे स्वतः लेखकाने लिहून दिले होते ते कागद प्रकट झाले. व्हाइट यांच्या साहित्यिक प्रतिनिधी बार्बरा मॉब्स यांनी ते नष्ट केले नव्हते; ३२ खोक्यांचा तो संग्रह कॅनबेरा येथील राष्ट्रीय ग्रंथालयाने विकत घेतला. त्यात टिपणवह्या होत्या, पत्रे होती, अपुऱ्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते होती. व्हाइट यांनी चरित्रकारालाही या साठ्याचा पत्ता लागू दिला नव्हता. मार यांनी ती हस्तलिखिते वाचून २००८ मध्ये ‘द मंथली’ मासिकात त्यांवर दीर्घ लेख लिहिला. कोणती कादंबरी कधी सोडून दिली आणि का, याचा जो भाग चरित्रात तर्काने भरावा लागला होता, तो आता कागदावरून तपासता येऊ लागला. त्या खोक्यांतली ‘द हँगिंग गार्डन’ ही अपुरी कादंबरी व्हाइट यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१२ मध्ये, छापली गेली.