‘एक्साइट ॲट होम’ : ग्राहक लाखोंनी, नफा नाही

अमेरिकेत १९९५मध्ये ‘ॲट होम’ स्थापन झाली. धंदा एकच : केबल टीव्हीच्या तारेतून घरोघरी वेगवान इंटरनेट. टीसीआय, कॉमकास्ट आणि कॉक्स या केबल कंपन्या तिच्या भागीदारही होत्या आणि भागधारकही. शेअर बाजारात प्रवेश जुलै १९९७मध्ये.

पैशाची वाटणी : मासिक शुल्कातला साधारण ३५ टक्के हिस्सा ॲट होमला, उरलेला केबल कंपनीला. देशभरच्या मुख्य जाळ्याचा खर्च मात्र ॲट होमकडे. नफ्याविषयीच्या शंकेचं मूळ इथेच होतं.

महागड्या खरेद्या : १९९९मध्ये ‘एक्साइट’ हे पोर्टल सुमारे ६.७ अब्ज डॉलरच्या शेअरच्या बदल्यात घेतलं आणि ॲट होमची ‘एक्साइट ॲट होम’ झाली. त्याच वर्षी ‘ब्लू माउंटन’ ही शुभेच्छापत्रांची साइट सुमारे ७८ कोटी डॉलरना. २००१मध्ये ती विकली गेली ३.५ कोटींना.

तोटा आणि रोकड : अशा विकत घेतलेल्या कंपनीचं मूल्य घटलं, की तेवढी रक्कम हिशेबात तोटा म्हणून दाखवावी लागते, तिजोरीतून त्या दिवशी काही जात नाही. दिवाळं वाजतं ते देणी भागवायला रोकड उरत नाही तेव्हा.

अखेरचे महिने
- ऑगस्ट २००१ : कंपनी तग धरेल का, याविषयी लेखापरीक्षकांची लेखी शंका.
- २८ सप्टेंबर २००१ : दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज.
- डिसेंबर २००१ : जाळं विकत घेण्यासाठी दिलेला ३०.७ कोटी डॉलरचा देकार ‘एटी अँड टी’ या दूरसंचार कंपनीने मागे घेतला.
- फेब्रुवारी २००२ : सेवा बंद. भरभराटीच्या काळात ग्राहक होते सुमारे ४१ लाख.