हारवाला, कायदा आणि देहूरोडची हद्द : गैरसमज आणि वस्तुस्थिती

देहूरोडमध्ये फुलांचा धंदा करणाऱ्याला कोणते कायदे लागू होतात, याचे उत्तर बहुधा धंद्याच्या आकारावरून दिले जाते. दुकान छोटे असेल तर कायद्याचा संबंध नाही आणि मोठे झाले की सगळे कायदे लागू, असे सरसकट गृहीत धरले जाते. कायदा मात्र आकाराकडे क्वचितच पाहतो. विक्रीची जागा कोणाच्या हद्दीत आहे, कामाला किती माणसे आहेत आणि हार दुकानात ओवला गेला की कारागिराच्या घरी, असे तीन निरनिराळे प्रश्न तो विचारतो आणि त्यांची उत्तरे निरनिराळ्या अधिनियमांत विखुरलेली आहेत.

पहिला गैरसमज हद्दीचा आहे. निगडी-किवळ्यापासून देहूरोडपर्यंत वस्ती सलग असल्याने हा सारा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेचाच आहे, अशी अनेकांची समजूत असते. परंतु देहूरोड हे 1958 साली स्थापन झालेले कटक मंडळ, म्हणजे लष्करी छावणी व तिला लागून असलेल्या नागरी वस्तीचा कारभार पाहणारी, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था असून तिचा कारभार कटक मंडळ अधिनियम, 2006 नुसार चालतो. त्यामुळे महापालिकेने दिलेले पथविक्रेत्याचे प्रमाणपत्र येथे चालत नाही आणि येथील प्रमाणपत्र पलीकडच्या देहू नगरपंचायतीत चालत नाही. यातूनच उलट टोकाचा दुसरा गैरसमज जन्मतो, तो म्हणजे छावणीत पथविक्रेत्यांचा कायदा लागूच नाही. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 मध्ये ‘स्थानिक प्राधिकरण’ या संज्ञेच्या व्याख्येत महानगरपालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायत यांच्याबरोबर कटक मंडळाचा स्पष्ट उल्लेख आहे. हातगाडीवर किंवा पथारीवर गजरे आणि झेंडूच्या माळा विकणाऱ्याची पाहणी करणे, त्याला विक्री प्रमाणपत्र देणे आणि नगर पथविक्रेता समिती नेमणे ही कर्तव्ये म्हणूनच मंडळावरही येतात. या समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांतील एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी असतात. फुलविक्रीत स्त्रियांचे प्रमाण लक्षात घेता ही तरतूद कागदावर राहू देण्यासारखी नाही.

या संरक्षणाला एक मोठा अपवाद आहे आणि तो देहूरोडच्या विक्रेत्यांना नेमका भोवतो. रेल्वेच्या मालकीची व नियंत्रणाखालील जमीन, इमारती आणि गाड्या यांना हा अधिनियम लागू होत नाही, असे त्यातच म्हटले आहे. पुणे-लोणावळा लोकलच्या देहूरोड स्थानकाच्या आवारात टोपली घेऊन बसलेली विक्रेती आणि आवाराबाहेरच्या रस्त्यावर बसलेली विक्रेती यांच्यात अंतर काही पावलांचे असले, तरी एकीला 2014 च्या कायद्याचा आधार मिळतो आणि दुसरीला मिळत नाही. फुलवालीला ही रेषा दिसत नाही. ती दिसते कारवाईच्या वेळी.

जप्तीविषयीही अशीच धूसरता आहे. अतिक्रमणविरोधी पथकाने उचललेला माल परत मिळतच नाही, असे मानून अनेक विक्रेते तो सोडून देतात. अधिनियमानुसार पाहणी पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता येत नाही, स्थलांतर करायचे झाल्यास 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि माल जप्त केलाच, तर त्याची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. टिकाऊ माल मागणी केल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत, तर नाशवंत माल मागणीच्या दिवशीच सोडणे बंधनकारक आहे, अर्थात ठरलेले शुल्क भरून. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या सकाळी तिला गिऱ्हाईक नसते. त्यामुळे फुलवाल्याच्या दृष्टीने अख्ख्या कायद्यातील सर्वांत मोलाचे शब्द ‘त्याच दिवशी’ हेच आहेत. मात्र विक्री प्रमाणपत्र म्हणजे जागेची मालकी नव्हे. त्यातून कायमचा हक्क निर्माण होत नाही आणि ती जागा दुसऱ्याला भाड्यानेही देता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

गाळ्यात दुकान असणाऱ्यांचा आवडता गैरसमज ‘शॉप ॲक्टचे लायसन्स’ या शब्दांत सामावलेला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017 हा 19 डिसेंबर 2017 पासून अमलात आला, तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी करावी लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत राज्याच्या कामगार विभागाला ऑनलाइन माहिती कळवली की पुरते. त्या बदल्यात मिळणारी पोच हा परवाना नसतो आणि तिच्यामुळे जागा अधिकृत ठरत नाही, मग ती पोच कितीही चांगल्या चौकटीत बसवून गल्ल्यामागे लावलेली असो. हार, गुच्छ विकण्याचे कौशल्य तपासणारा परवाना तर आपल्याकडे नाहीच. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मात्र 1939 पासून फुलविक्रेत्याला सरकारी परवाना आवश्यक होता आणि त्यासाठी पुष्परचनेची प्रात्यक्षिक परीक्षाही द्यावी लागे. ती परीक्षा 2010 मध्ये रद्द झाली.

नोंदणी नाही म्हणजे कामगार कायदा नाही, हा यापुढचा आणि अधिक हानिकारक निष्कर्ष आहे. वरील अधिनियमातील रजा आणि सुट्यांच्या तरतुदी दहाच्या आतील दुकानाला लागू होत नाहीत हे खरे. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 कामगारांपर्यंत नेण्याच्या आणि रोजचे काम 9 तासांवरून 10 तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. व्यवसायसुलभतेच्या नावाखाली झालेल्या या बदलाचा भार मधल्या आकाराच्या दुकानांतील कामगारांवरच पडतो. तथापि वेतन संहिता, 2019 ही इतर तीन श्रमसंहितांबरोबर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून तिला माणसांच्या संख्येची अट नाही. एकच पोऱ्या ठेवणाऱ्या हारवाल्यालाही किमान वेतन द्यावे लागते, जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो आणि कामगाराने नोकरी सोडल्यास त्याचा हिशेब कामकाजाच्या दोन दिवसांत पुरा करावा लागतो. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात लैंगिक छळाची तक्रार कोणाकडे करावी, असाही प्रश्न विचारला जातो. अशा दुकानांसाठी 2013 च्या कायद्याने जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची सोय केली आहे.

माणसांची मोजणी कधी करायची, हाही घोळाचा विषय आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 नुसार भविष्य निर्वाह निधीसाठी 20 आणि कर्मचारी राज्य विमा व उपदान यांसाठी 10 ही संख्या धरली जाते. उपदान म्हणजे दीर्घ सेवेनंतर मिळणारी एकरकमी रक्कम, जिला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात. देहूरोड-चाकण पट्ट्यात खंडेनवमी आणि दसऱ्याला कारखान्यांतील यंत्रांच्या पूजेसाठी हारांच्या मोठ्या ऑर्डरी निघतात, आणि 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केलेल्या येथील विहारात त्या तारखेला दरवर्षी गर्दी लोटते. अशा वेळी चार माणसांच्या दुकानात हंगामापुरते बारा जण हजेरीवर येतात. उपदानासाठी मागील बारा महिन्यांतील कोणत्याही एका दिवशी दहा कर्मचारी असले तरी आस्थापना कक्षेत येते आणि पुढे संख्या घटली तरी कक्षेबाहेर जात नाही. हंगामी माणसांना त्यातून काही मिळत नाही, पण पाच वर्षे टिकलेल्या कायम कारागिराला मिळते.

हंगामापूर्वी दिली जाणारी उचल फिटेपर्यंत कारागिराला बांधून ठेवता येते, ही समजूतही कायद्याच्या विरोधात जाते. उचलीची रक्कम वेतनातून वळती करता येते, परंतु सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक असू शकत नाहीत, आणि कर्जापोटी माणसाला कामावर जखडून ठेवणे ही 1976 च्या अधिनियमाने नष्ट केलेली वेठबिगारीच ठरते. मुलांच्या बाबतीत तर अर्धे सत्य फार फिरते. घरच्या धंद्यात मुलांनी मदत केलेली चालते, असे सांगितले जाते. 2016 च्या दुरुस्तीनंतरच्या बालकामगार कायद्यात ही सवलत शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत, धोका नसलेल्या कामापुरती आणि मुलाच्या आईवडील, भावंडे, काका, आत्या, मामा, मावशी यांच्या धंद्यापुरती आहे. दुकानदाराचा मुलगा शाळेतून आल्यावर वेण्या गुंफू शकतो, पण त्याच दुकानात कामाला येणाऱ्या बाईच्या चौदा वर्षांखालील मुलीला शेजारी बसवून हार ओवून घेतले, तर मालकाला 6 महिने ते 2 वर्षे कैद किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

करांविषयी थोडक्यात सांगता येईल. ताज्या फुलांवर वस्तू व सेवा कर नाही, म्हणून फुलवाल्याला नोंदणीच नको, हे केवळ फुलेच विकणाऱ्याबाबत खरे आहे. मंडप किंवा गाडी सजवणे ही करपात्र सेवा असून नोंदणीची 20 लाख रुपयांची मर्यादा मोजताना करमुक्त फुलविक्रीही उलाढालीत धरली जाते; म्हणजे 17 लाखांची फुले आणि 4 लाखांची सजावट करणारा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. प्लास्टिकच्या फुलांवर बंदी आलीच आहे, ही बातमीही अशीच अर्धी आहे. 1 जुलै 2022 पासून लागू झालेल्या केंद्राच्या एकल वापर प्लास्टिकच्या यादीत सजावटीचे थर्माकोल आहे, प्लास्टिकची फुले नाहीत. जुलै 2025 मध्ये फलोत्पादनमंत्री भरत गोगावले यांनी विधानसभेत बंदीचे आश्वासन दिले, पण आश्वासनावर कोणाचा माल जप्त होत नाही.

उरतो तो या धंद्यातील सर्वांत अदृश्य माणूस, म्हणजे घरी बसून नगावर हार ओवणारी बाई. दुकानदार तिला सकाळी फुले आणि दोरा पोचवतो व दुपारी हार मोजून नेतो. शेवंतीचे देठ खुडणे, काळवंडलेला झेंडू बाजूला काढणे, तयार हार ओल्या फडक्यात झाकून ठेवणे या कामांचा वेळ नगाच्या भावात धरलेला नसतो. ती कामगार नाही, घरचे काम सांभाळून चार पैसे मिळवणारी आहे, असे दुकानदार म्हणतो आणि पुष्कळदा तीही म्हणते. दुकानात बसून नगावर काम करणाऱ्याला वेळेच्या हिशेबाने निघणाऱ्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. घरून काम करणारीची स्थिती मात्र नव्या कायद्याने अधिक नाजूक केली आहे. 1948 च्या किमान वेतन अधिनियमात ‘कर्मचारी’ या संज्ञेत बाहेर माल नेऊन तो तयार करून देणाऱ्या व्यक्तीचा मुद्दाम समावेश होता. वेतन संहितेच्या व्याख्येत तो उल्लेख राहिलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहितेने ‘घरून काम करणारा कामगार’ अशी स्वतंत्र व्याख्या दिली आहे आणि कच्चा माल मालकाने दिला की नाही याने तिथे फरक पडत नाही, पण त्या व्याख्येतून योजनांचा दरवाजा उघडतो, वेतनाचा नव्हे. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर 16 ते 59 वर्षे वयाच्या अशा बाईला नोंदणी करून ओळख क्रमांक मिळवता येतो. वेतनासाठी एक वाट संहितेतच शिल्लक आहे. शासनाने ‘कर्मचारी’ म्हणून घोषित केलेली व्यक्तीही त्या व्याख्येत बसते, त्यामुळे घरून हार ओवणाऱ्यांना किमान वेतनाखाली आणण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, राज्याची अधिसूचना पुरेशी आहे.